ब्रेक ओके म्हणजे किती मिलिमीटर, ते बिलावर लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

गणपती जवळ आले. मुंबई-पुण्याची माणसं आता गाड्या भरभरून कोकणात उतरणार, तुमच्या पेपरात खड्ड्यांच्या, ट्रॅफिकच्या, टोलमाफीच्या बातम्या सुरू झाल्यात आणि त्या यायलाच पाहिजेत, पण मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचंय, म्हणजे गाडीचे झिजलेले ब्रेक, तिच्यावर कोणी फारसं छापत नाही म्हणून हे पत्र. माझं पोलादपूरला गॅरेज आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरलेली गाडी मुंबई-गोवा हायवेला लागते ती आमच्याच गावात, त्यामुळे घाटात ब्रेक तापवून आलेल्या गाड्या थेट आमच्या दारात थांबतात. पुढच्या चाकातून जळका वास येत असतो, कधी कधी धूर पण, घरातली माणसं घाबरून कडेला उभी असतात आणि गाडी चालवणारा विचारतो, "मिस्त्री, अचानक ब्रेक लागायचेच बंद झाले हो, असं कसं झालं?"

अचानक होत नाही ते. ब्रेकचा पॅड, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला आतून-बाहेरून घट्ट दाबणाऱ्या दोन तुकड्यांतला एक, हा पार्ट झिजण्यासाठीच बनवलेला आहे, प्रत्येक ब्रेकला तो थोडा थोडा जातो, आणि पूर्ण संपायच्या आधी कितीतरी महिने चाक खोलून बघणाऱ्याला तो सरळ सरळ दिसत असतो, पण चाक खोलायचे कष्ट ना मालक घेतो ना सर्व्हिसिंग करणारा.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना, म्हणजे वॅगनआर, स्विफ्ट, अर्टिगा वगैरे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो, ड्रममध्ये पॅडच्या जागी लायनर असतात. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो त्यामुळे गाडी रोखायचं निम्म्याहून जास्त काम पुढची दोन चाकंच करतात, म्हणून पुढचे पॅड आधी संपतात आणि मागचे लायनर बरेच दिवस चालतात. नव्या पॅडवर घासणारं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी असतं, त्याच्या पाठीमागे लोखंडी प्लेट असते ती वेगळी. ही प्लेट पण धरून मोजतात बरेच जण आणि "अजून भरपूर आहे की" म्हणतात, तसं करू नका, फक्त मटेरियल मोजायचं. ते ३ मिमीवर आलं की पॅड बदलायचे. समोर घाट असेल तर मी ४ ला पण बदला म्हणून सांगतो, आणि २ च्या खाली गेलेल्या पॅडवर गाडी घराबाहेर काढूच नये. कारण असं की पॅडचं मटेरियल डिस्कची उष्णता थोपवून धरतं, ते पातळ झालं की तीच उष्णता प्लेटमधून पिस्टनला (पॅडला मागून ढकलणारा दट्ट्या) आणि पिस्टनमधून ब्रेक ऑईलला जाते, आणि ऑईल तापल्यावर काय होतं ते पुढे लिहितो.

लोक विचारतात किती किलोमीटरला बदलायचे. आकडा सांगायचा तर ३० ते ५० हजार असं सगळे सांगतात, पण तो आकडा धरून बसू नका हो, रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक-क्लच करत जाणाऱ्या गाडीचे पॅड २० हजारात पण संपतात आणि नुसती हायवेला पळणारी गाडी ६०-७० हजार आरामात काढते. त्यात ऑटोमॅटिक असेल तर ट्रॅफिकमध्ये ती आपोआप पुढे सरकत असते, तिला सारखी ब्रेकने धरून ठेवावी लागते, मग पॅड लवकर जातात. इलेक्ट्रिक गाड्यांचं उलट, तिथं मोटरच गाडी रोखते म्हणून पॅड खूप टिकतात, पण वापरात नसल्यामुळे आमच्या दमट हवेत डिस्कला आणि पिनांना गंज धरतो, ते पण बघत जावं. म्हणजे किलोमीटर नुसता अंदाज देतात, खरी परिस्थिती चाक खोलल्यावरच कळते.

आता ज्या गाडीमुळे हे पत्र लिहायला बसलो ती सांगतो. मे महिन्यात पुण्याची एक फॅमिली महाबळेश्वर करून खाली आली, पुढच्या डाव्या चाकातून खर्र खर्र आवाज, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढत होती. मालक शिकलेला, काळजीने गाडी वापरणारा माणूस, नुकतंच सर्व्हिसिंग करून निघालेला. डॅशबोर्डच्या कप्प्यातून जॉबकार्ड, म्हणजे सर्व्हिसिंगला काय काय केलं त्याचा कागद, काढून त्याने मला दाखवलं, त्यावर ब्रेकच्या समोर टिकमार्क आणि "ओके" लिहिलेलं. चाक काढलं तर बाहेरच्या पॅडवर ६ मिमी मटेरियल, एकदम व्यवस्थित. कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅडना डिस्कवर दाबणारा भाग, उचलला आणि आतला पॅड काढला तर त्यावर मटेरियलच नाही, नुसती प्लेट, ती पण एका कडेला घासून चमकायला लागलेली, आणि डिस्कच्या आतल्या बाजूला नख अडकेल एवढ्या खोल रेघा पडलेल्या, मधे मधे निळा डाग, लोखंड जास्त तापलं की पडतो तसा. कॅलिपर ज्या पिनांवर पुढे-मागे सरकतो त्यातली एक पिन जाम होती, तिचं रबर फाटून आत लाल माती गेलेली आणि ग्रीसचा पत्ता नव्हता. पिन जाम झाली की कॅलिपर नीट सरकत नाही, पिस्टन फक्त आतल्या पॅडला दाबत राहतो आणि बाहेरचा नुसता सोबतीला असतो. मी दोन्ही पॅड त्या माणसाच्या हातात दिले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ह्यांनी चाक खोललंच नाही, हो ना?" खोललं असतं तर दिसलं असतं एवढंच मी म्हणालो.

अशी ही एकच गाडी असती तर मी पत्र लिहिलं नसतं. अलॉय व्हीलच्या फटीतून टॉर्च मारला की बाहेरचा पॅड दिसतो, तो बघून "ओके" लिहून मोकळं व्हायचं हा प्रकार सगळीकडे चालतो, मोठ्या वर्कशॉपमध्ये पण आणि आमच्यासारख्या छोट्या गॅरेजमध्ये पण, कारण एका दिवसात जास्त गाड्या बाहेर काढायच्या असतात. आतला पॅड बघायचा तर चाक उतरवावं लागतं, कॅलिपरच्या खिडकीतून डोकवावं लागतं, आणि पिन मोकळी आहे का ते हाताने हलवून बघावं लागतं. जाणकार माणसाला चारही चाकांना अर्धा-पाऊण तास लागतो, त्याहून जास्त नाही.

आवाजाबद्दल लिहितो कारण तो मालकाला घरी बसून पण समजू शकतो. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते, मटेरियल २-३ मिमी उरलं की ती डिस्कला टेकते आणि बारीक चिरका आवाज यायला लागतो, खास करून हळू चालवताना आणि ब्रेक लावताना. ती जीभ मुद्दाम त्याच कामासाठी लावलेली असते. पण आजकाल काचा वर, एसी चालू, गाणी चालू, तो आवाज ऐकणार कोण? आठवड्यातून एकदा तरी गाणी बंद करा, काच खाली घ्या आणि एखाद्या कंपाउंडच्या भिंतीजवळून गाडी हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक मारून बघा, भिंतीवरून आवाज परत येतो त्यामुळे बारीकसा पण ऐकू येतो. आता सगळेच आवाज वाईट नसतात हे पण सांगतो. पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखर करते, तो डिस्कवरचा वरवरचा गंज असतो, तेवढ्यात निघून जातो, त्यासाठी पॅड बदलून घेऊ नका. पण चिरका आवाज दिवसभर येत राहिला तर गाडी दाखवा, आणि खर्र असा लोखंडाला लोखंड लागल्याचा आवाज आला तर समजा पॅड संपून गेलेत आणि आता तुमची डिस्क कापली जातेय. शिवाय ही पत्र्याची जीभ सगळ्या पॅडना नसते, आणि असली तरी बऱ्याचदा एकाच बाजूच्या पॅडला असते, म्हणून आवाज नाही म्हणजे सगळं बरोबर आहे असं धरून चालू नका.

पेडल थरथरायला लागलं तर बहुधा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, लोक म्हणतात डिस्क वाकली. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका चाकाचा कॅलिपर किंवा पिन अडकलेली असण्याची शक्यता जास्त.

ब्रेक ऑईल. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला बहुधा एक छोटी फिकट पांढरी डबी असते, तिच्यावर मॅक्स आणि मिन अशा रेघा असतात. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येत जातात आणि त्यांच्या मागची जागा भरायला ऑईल तिकडे जातं, त्यामुळे डबीतली लेव्हल हळूहळू खाली येते. म्हणजे लेव्हल खाली आली तर एक तर पॅड झिजलेत नाहीतर कुठंतरी लिकेज आहे, आणि दोन्हीत आधी चाकं खोलून बघायची असतात. होतं काय की पेट्रोल पंपावर किंवा सर्व्हिसिंगला कोणीतरी नुसतं ऑईल टाकून डबी भरून देतो आणि तुम्हाला मिळणारी सूचनाच गायब होते, डॅशबोर्डवरचा लाल दिवा पण मग लागत नाही. हँडब्रेक पूर्ण खाली असताना तो लाल दिवा लागला, किंवा वळणावर लागला-विझला, तर त्याच दिवशी गाडी दाखवा, सुट्टीची वाट बघू नका.

आणि हे ऑईल दोन वर्षांनी बदलायचं असतं हे तर खूप जणांना माहीतच नाही. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आमच्या कोकणात तर चार महिने हवाच ओली. नवीन डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑईल २३० डिग्रीच्या पुढे उकळतं, तेच पाणी पिऊन जुनं झालं की १५५ च्या आसपास उकळू शकतं. घाटात डिस्क ३००-४०० डिग्रीला सहज जाते, त्यात पॅड पातळ असले की उष्णता सरळ ऑईलला, ऑईल उकळून पाइपात वाफेचे बुडबुडे, आणि वाफ दाबली जाते पण जोर पुढे पोचवत नाही. मग पेडल खालपर्यंत जातं आणि गाडी थांबत नाही. आमच्या दारात येऊन लोक "अचानक" म्हणतात ते हेच, आणि अर्ध्या तासाने सगळं थंड झाल्यावर तेच ब्रेक परत लागायला लागतात म्हणून काही जण तसेच पुढे निघतात. कृपा करून निघू नका.

महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर उंच आहे आणि पोलादपूर जवळजवळ पायथ्याला, मधे चाळीसेक किलोमीटर रस्ता. पाच माणसं आणि सामान धरून चौदाशे किलोची गाडी एवढी खाली येताना जी उष्णता तयार होते त्यातली वारा आणि टायर खातात ती सोडली तरी उरलेल्या उष्णतेवर वीस-पंचवीस लिटर पाणी उकळेल. गिअरमध्ये उतरलात तर यातली बरीचशी इंजिन ओढून घेतं, न्यूट्रलमध्ये उतरलात तर सगळी ब्रेकवर येते, त्यातली जास्त पुढच्या त्या चार छोट्या पॅडवर. आमचे जुने ड्रायव्हर सांगायचे की ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, त्यात एक अक्षर बदलायची गरज नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्यांसाठी सांगतो, आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये पाय सोडून उतरताना इंजिनला इंधन जातच नाही, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जात राहतं. आणि इंजिनच बंद केलं तर दोन-तीन ब्रेकनंतर पेडल हलकं ठेवणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्युम संपतो, पेडल दगडासारखं होतं. पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकने चाळीसच्या वर गाड्यांचं नुकसान केलं, सुरुवातीला सगळीकडे ब्रेक फेल असंच आलं होतं, मग तपासातून पुढे आलं की उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती. म्हणून पत्रकारांना माझी विनंती आहे, ब्रेक फेल झाले अशी बातमी आली की पुढचा प्रश्न विचारत जा. पॅड किती उरले होते? ऑईल कधी बदललं होतं? गाडी गिअरमध्ये होती का? आरटीओ इन्स्पेक्टर अपघातातली गाडी तपासतात तेव्हा यातलं बरंच त्यांना समजत असणार, ते दोन ओळीत छापून आलं तर वाचणाऱ्या हजार लोकांचा फायदा आहे.

सरकारी बाजूने बघितलं तर खाजगी गाडीचे ब्रेक कोणी तपासायला सांगतच नाही. पीयूसी वेळेवर लागते, त्यात सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर बघतात. इन्शुरन्स लागतो. पण फिटनेस म्हणून गाडी आरटीओसमोर उभी राहते ती १५ वर्षं झाल्यावर रजिस्ट्रेशन रिन्यू करताना. माझा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये असतो, तिथं गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी टेस्ट, त्यात ब्रेक रोलरवर घालून तपासतात आणि नापास झाली तर दुरुस्त करावीच लागते. आपल्याकडे तसं व्हायला किती वर्षं लागतील माहीत नाही, तोवर ही जबाबदारी मालकाची आणि आम्हा गॅरेजवाल्यांचीच आहे.

खर्चाचं म्हणाल तर छोट्या गाडीच्या पुढच्या पॅडचा चांगला सेट दीड ते अडीच हजारात येतो, मजुरी वेगळी. पॅड संपून डिस्क कापली गेली की तोच खर्च तिप्पट-चौपट होतो. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, त्याच्या खाली गेली असेल तर लेथवर फेस मारून (घासून सपाट करून) वापरू नये, नवीनच घालावी. पॅड बदलताना दोन्ही बाजूचे एकदमच बदलायचे, फक्त डावीकडचा गेलाय म्हणून डावीकडचाच घालायचा नाही, गाडी ओढते. पिना साफ करून त्यांना त्याच कामाचं ग्रीस लावून घ्या, साधं नाही, साधं ग्रीस गरमीने वाहून जातं आणि रबर फुगवतं. डब्यावर मोठ्या कंपनीचं नाव आणि आत लोकल माल हा धंदा पण जोरात आहे, म्हणून ओळखीच्या दुकानातून पक्कं बिल घेऊनच पॅड घ्या. पॅड घातल्यावर गाडी जागेवरून हलवायच्या आधी पेडल चार-पाच वेळा मारून कडक होईपर्यंत थांबा, पहिल्या दाबाला ते खाली जातंच. आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर दणकून ब्रेक मारू नका, नव्या पॅडला डिस्कवर बसायला वेळ लागतो, म्हणजेच घाटात निघायच्या आदल्या रात्री पॅड बदलून घेऊ नका, आठवडाभर आधी घ्या. गणपतीला निघणाऱ्यांनी हे आत्ताच करावं.

घाट उतरल्यावर वास आला तर सपाट जागेवर गाडी थांबवा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, डिस्क वाकते नाहीतर तडकते. दरवेळी कोणीतरी मदत म्हणून बाटली घेऊन पुढे येतोच, त्याला थांबवा.

शेवटी माझी मागणी. जॉबकार्डवर ब्रेकसमोर "ओके" लिहिणं बंद व्हावं. तिथं आकडे यावेत, पुढे डावा आत ५, बाहेर ६, पुढे उजवा आत ५, बाहेर ५, मागचे लायनर किती, ब्रेक ऑईल कोणत्या महिन्यात बदललं. मोठ्या कंपन्यांच्या वर्कशॉपनी हे छापील कॉलम म्हणून घालावं, जिल्ह्या-जिल्ह्यात गॅरेजवाल्यांच्या संघटना आहेत त्यांनी आपल्या मेंबरना सांगावं, आणि बदललेले जुने पॅड ग्राहकाला न मागता दाखवावेत. मी माझ्या बिलांवर हे आकडे पेनाने लिहायला सुरुवात केलीय आणि चाक एकदा खोललं की लिहायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. गाडी ताब्यात घेताना हे आकडे लिहिलेले नसतील तर ग्राहकांनी जॉबकार्डवर सही करू नये, चाक परत खोलायला लावावं.

आपला,
पोलादपूरचा एक गॅरेजवाला वाचक